शनिवारची पार्करन: धावणाऱ्यांचे आणि स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे, त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आई-वडील आणि शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी मला पार्करनविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी लंडनच्या पश्चिम भागात धावतो आणि महिन्यातून एक-दोन शनिवार स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. नियम इंग्लंडमधले आहेत. इतर देशांत जेथे महत्त्वाचा फरक पडतो, तेथे तसे नमूद केले आहे.

१. पार्करन म्हणजे नक्की काय? ही शर्यत आहे का?

दर शनिवारी सकाळी एखाद्या बागेत किंवा मोकळ्या मैदानात ५ किलोमीटर धावण्याचा, चालण्याचा अथवा दोन्ही थोडे थोडे करण्याचा हा विनाशुल्क उपक्रम आहे आणि तो संपूर्णपणे स्थानिक स्वयंसेवक चालवतात. त्याची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या टेडिंग्टन भागातील बुशी पार्कमध्ये झाली. दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नसताना मित्रांशी गाठभेट टिकून राहावी, म्हणून पॉल सिंटन-ह्यूइट यांनी ही वेळ लावून धावण्याची सकाळ सुरू केली. त्या दिवशी १३ जण धावले आणि ५ जणांनी व्यवस्था पाहिली. आज धावून आल्यावर कितवे आलात ते दाखवणारी जी क्रमांकाची प्लास्टिकची टोकने मिळतात, त्यांच्या जागी तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, आकडे ठोकलेले लोखंडी वॉशर होते. दुसरे ठिकाण, विंबल्डन कॉमन, सुरू व्हायला २००७ साल उजाडावे लागले.

ही शर्यत नाही. पहिल्या आलेल्याला बक्षीस मिळत नाही आणि शेवटच्याला कोणी घाई करत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना हे पटायला दोन-तीन शनिवार लागतात, कारण छातीवर क्रमांक नाही आणि गळ्यात पदक नाही, तर एवढ्या थंडीत उठायचे कशासाठी, हा प्रश्न ते मनातल्या मनात विचारत असतात.

२. नाव कसे नोंदवायचे? दर आठवड्याला नोंदणी करावी लागते का?

नोंदणी आयुष्यात एकदाच करायची असते आणि तिला पैसे पडत नाहीत. नाव, जन्मतारीख आणि आणीबाणीच्या वेळी ज्यांना कळवायचे त्यांचा संपर्क भरला, की ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक व त्याचा बारकोड मिळतो. तोच बारकोड जगातल्या प्रत्येक पार्करनला चालतो आणि कोणत्या ठिकाणी जाणार हे आधी कळवावे लागत नाही. घर किंवा देश बदलला म्हणून पुन्हा नोंदणी करू नये. तसे केल्यास तुमचे शनिवार दोन खात्यांत विभागले जातात.

३. किती वाजता पोहोचायचे? पाऊस असला तर रद्द होते का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये ९ वाजता, तर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये साडेनऊ वाजता सुरुवात होते. नवख्या माणसाने पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचावे, कारण पहिल्यांदा आलेल्यांना मार्गाची माहिती वेगळी दिली जाते आणि ती ऐकणे हिताचे असते. पावसाने पार्करन सहसा रद्द होत नाही. रद्द होते ती मार्गावर बर्फ गोठल्यामुळे, वादळी वाऱ्यामुळे किंवा बागेत दुसरा मोठा कार्यक्रम असल्यामुळे. हिवाळ्यात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी निघण्यापूर्वी, असे दोनदा आपल्या ठिकाणची सूचना पाहावी. काही ठिकाणी नाताळच्या दिवशी आणि १ जानेवारीलाही जादा पार्करन असते.

४. मला ५ किलोमीटर धावता येत नाही. चालत गेलो आणि सगळ्यात शेवटी आलो, तर वाईट दिसेल का?

तुम्ही शेवटी येऊच शकत नाही. प्रत्येक पार्करनला ‘टेल वॉकर’ नावाचा एक स्वयंसेवक असतो आणि सर्वांच्या मागे राहून शेवटी येणे एवढेच त्याचे काम असते. तो पोहोचेपर्यंत वेळ मोजणे बंद होत नाही आणि वळणावर दिशा दाखवायला उभे असलेले स्वयंसेवक, म्हणजे मार्शल, जागा सोडत नाहीत. याशिवाय बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्यांना सोबत म्हणून ‘पार्कवॉकर’ असतात. संपूर्ण मार्ग चालायला साधारण ५० मिनिटे ते एक तास लागतो आणि तेवढा वेळ लावणारे लोक दर आठवड्याला असतात. चालणाऱ्यांनी सुरुवातीला मात्र मागच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे वेगाने धावणाऱ्यांना वाट मिळते.

५. पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचे? तिथे नेमके काय घडते?

बारकोड, धावण्याचे बूट आणि एक जादा जाकीट पुरेसे आहे. बहुतेक बागांत सामान सांभाळायला कोणी नसते, एखाद्या झाडाखाली ताडपत्री अंथरलेली असते आणि तिच्यावर ठेवलेल्या पिशव्यांची जबाबदारी ज्याची त्याच्यावर असते. पाण्याची सोय असेलच असे नाही.

नऊच्या काही मिनिटे आधी त्या दिवसाचा प्रमुख, म्हणजे रन डायरेक्टर, स्टुलावर उभा राहून सूचना देतो, स्वयंसेवकांचे आभार मानतो आणि कोणाचा पन्नासावा किंवा शंभरावा शनिवार असला तर त्याचे नाव घेतो. त्या वेळी बोलू नये. आपल्या घोळक्याला हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. मार्ग संपल्यावर दोऱ्यांनी आखलेल्या अरुंद वाटेत, ज्याला तेथे फनेल म्हणतात, आलेल्या क्रमाने चालत राहायचे. टोकाला हातात टोकन पडते. ते घेऊन स्कॅन करणाऱ्याकडे जायचे, आधी आपला बारकोड आणि मग टोकन दाखवायचे आणि टोकन परत द्यायचे. जानेवारीत बोटे इतकी बधिर झालेली असतात, की फोन उघडण्यासाठी अंगठा लावला तरी फोनला तो ओळखू येत नाही. म्हणून मी बारकोड कागदावर छापून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो. फोनमधला बारकोडही चालतो, पण पावसाचे थेंब पडलेल्या काचेवरून तो वाचायला वेळ लागतो आणि मागे रांग वाढते.

६. बारकोड घरी विसरला. आता परत जायचे का?

परत जाण्याचे कारण नाही, निश्चिंतपणे धावावे. फक्त त्या शनिवारी तुमची वेळ नावावर लागणार नाही आणि निकालात तुमच्या जागी ‘अननोन’ असे दिसेल. बारकोड खराब झाल्यामुळे वाचला जात नसेल, तर स्वयंसेवक क्रमांक हाताने टाकू शकतो, हे खरे आहे. तथापि ‘क्रमांक पाठ आहे, नावावर लावून टाका ना’ अशी गळ घालू नये. जो माणूस आपली सकाळ देऊन तेथे उभा आहे, त्याला नकार द्यायला लावणे बरे नव्हे.

७. टोकनाला एवढे महत्त्व का? चुकून खिशात राहून घरी आले, तर काय बिघडते?

हा प्रश्न नीट समजला, की पार्करनची निम्मी व्यवस्था समजते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अंतिम रेषेवर उभा असलेला टायमर, म्हणजे वेळ मोजणारा स्वयंसेवक, तुम्हाला ओळखत नाही. माणूस रेषा ओलांडतो तेव्हा तो बटण दाबतो आणि यंत्रात फक्त पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने वेळा साठत जातात. त्या यादीत नावे नसतात. फनेलच्या टोकाला टोकने वाटणाऱ्याकडे वेळा नसतात, फक्त क्रमांक असतात. स्कॅनर तुमचा बारकोड आणि टोकनाचा क्रमांक यांची जोडी लावतो, पण वेळ त्यालाही ठाऊक नसते. या तुकड्यांची सांगड निकाल तयार करणारा स्वयंसेवक नंतर घालतो आणि ती क्रमांकावरच अवलंबून असते. यादीत पंचेचाळिसावी असलेली वेळ ४५ क्रमांकाच्या टोकनाची आणि ते टोकन ज्याच्या बारकोडशी जोडले गेले त्याची.

यातूनच चुका कशा होतात, हेही कळते. टायमर म्हणून माझी दुसरीच पाळी होती. दोन मैत्रिणी हातात हात घालून रेषेवर आल्या आणि मी एकदाच बटण दाबले. त्या क्षणापासून माझ्या यादीतील प्रत्येक वेळ एक जागा आधी पोहोचलेल्या माणसाला लागत होती. शेजारी दुसरा टायमर होता आणि टोकने वाटणारीने ‘आता पन्नास!’ म्हणून ओरडून सांगितल्यावर त्याच्या यंत्रावर ५० दिसत होते, माझ्यावर ४९. तेवढ्यावर ती चूक सापडली. मोठ्या ठिकाणी दोन टायमर ठेवतात आणि मधूनमधून टोकनाचा क्रमांक जुळवून पाहतात, ते याच कारणासाठी.

म्हणून फनेलमध्ये कोणाला मागे टाकू नये, मधूनच दोरीखालून बाहेर पडू नये आणि वेळ नोंदवायची नसेल तर रेषा न ओलांडता बाजूने जावे. टोकन घरी आले, तर त्या क्रमांकापुढे नाव लागत नाही आणि टोकने क्रमाने लावायला बसलेल्या माणसाला एक क्रमांक हरवलेला सापडतो. चूक झालीच, तर पुढच्या शनिवारी निमूटपणे परत द्यावे. कोणी रागावत नाही.

८. माझ्या घड्याळात २९:५२ आणि निकालात ३०:०४ आहे. दुरुस्त करून मिळेल का?

सहसा नाही आणि मागूही नये. अधिकृत वेळ सुरुवातीच्या हाकेपासून मोजली जाते, तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडली तेव्हापासून नव्हे. बुशी पार्कसारख्या ठिकाणी, जेथे हजाराहून अधिक लोक येतात, मागे उभ्या असलेल्या माणसाला रेषेपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. तुमच्या नावापुढे भलत्याच माणसाची वेळ लागली असेल किंवा स्कॅन होऊनही नाव आले नसेल, तर त्या ठिकाणच्या संघाला ई-मेलने क्रमांकासह कळवावे. अशी दुरुस्ती आनंदाने करून मिळते. आठ-दहा सेकंदांसाठी त्यांना पत्र लिहिणाऱ्यांत मीही एकदा होतो आणि आजही त्याची लाज वाटते.

९. निकालात ‘एज ग्रेड’ म्हणून टक्के दिसतात. ते काय असतात?

तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या जागतिक दर्जाच्या सर्वोत्तम वेळेशी तुमच्या वेळेची तुलना करून हे प्रमाण काढतात. त्यामुळे ६५ वर्षांच्या मावशींचे टक्के २८ वर्षांच्या भाच्यापेक्षा जास्त येऊ शकतात, आणि येतातही. घरगुती चुरशीसाठी एवढे पुरे आहे.

१०. मुलांना नेता येते का? किती वर्षांपासून?

चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची नोंदणी करता येते. शनिवारच्या ५ किलोमीटरला ११ वर्षांखालील मुलाने आई, वडील किंवा जबाबदार प्रौढ यांच्या हाताच्या अंतरावर राहावे लागते. मूल पुढे पळाले आणि पालक मागून हाका मारत आले, तर मार्शल थांबवतो, आणि ते योग्यच आहे.

चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अनेक ठिकाणी रविवारी सकाळी २ किलोमीटरची ज्युनियर पार्करन असते. पालक सोबत धावू शकतात, वेळ मात्र मुलांचीच लागते. येथे ११ वेळा धावलेल्या मुलाला हाफ मॅरेथॉनचा, २१ वेळांनंतर मॅरेथॉनचा आणि ५० वेळांनंतर अल्ट्रा मॅरेथॉनचा मनगटी पट्टा मिळतो, कारण तोपर्यंतची २-२ किलोमीटरची बेरीज साधारण तेवढी भरते. माझ्या पाहण्यात, पाढ्यांना कंटाळणारी मुले ही बेरीज स्वतःहून करतात.

११. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सहभागी होऊ शकतात का? आई साडी नेसते.

अवश्य होऊ शकतात. इंग्लंडचा रहिवासी असण्याची अट नाही आणि पोशाखाचा नियम नाही. साडीवर बूट आणि वरून जाकीट घालून चालणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक काकू दर शनिवारी येतात. त्यांची अडचण साडीची नव्हतीच, चिखलाची होती, म्हणून ऑक्टोबरनंतर त्या पंजाबी ड्रेस घालतात. आई-बाबांच्या नोंदणीत आणीबाणीचा संपर्क म्हणून येथील मुलाचा किंवा मुलीचा फोन द्यावा, पुण्यातल्या शेजाऱ्यांचा नव्हे.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी स्वयंसेवा करावी का, हा नाजूक प्रश्न आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करण्याची या व्हिसावर मुभा आहे आणि पार्करन चालवणारी संस्था ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. मात्र भेटीचा मुख्य हेतू स्वयंसेवा असता कामा नये आणि नियम बदलत असतात, म्हणून त्या वेळचा सरकारी मजकूर स्वतः वाचावा. धावण्या-चालण्यावर याचा काही परिणाम होत नाही.

१२. स्वयंसेवक व्हायचे आहे, पण इंग्रजीत बोलायचा संकोच वाटतो. कोणते काम घ्यावे?

बारकोड स्कॅन करणे हे सर्वांत सोपे काम आहे. ते स्वतःच्या फोनवरील ॲपने होते आणि ‘वेल डन’ एवढे शब्द पुरतात. टोकने वाटणे आणि नंतर ती क्रमाने लावणे यालाही भाषा लागत नाही. मार्शलला वळणावर उभे राहून हाताने दिशा दाखवायची आणि टाळ्या वाजवायच्या असतात. फक्त एखादा धावणारा पडला तर रन डायरेक्टरला फोन करता आला पाहिजे. टायमरचे काम पहिल्याच दिवशी घेऊ नये, त्याचे कारण प्रश्न ७ मध्ये आले आहे. रन डायरेक्टर होण्यापूर्वी निरनिराळी कामे करून अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकावे लागते.

नाव देण्यासाठी स्थानिक संघाला आठवड्याच्या मध्यापर्यंत ई-मेल करावा किंवा शनिवारी समोर जाऊन सांगावे. आपल्याला एखाद्याने हाताला धरून बोलावले तरच जायची सवय असते. येथे कोणी तसे बोलावणार नाही, पण स्वतःहून गेलेल्याला परतही पाठवणार नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड या तरुणांसाठीच्या उपक्रमासाठी स्वयंसेवेचे तास भरायचे असतात आणि बरीच मुले ते येथे भरतात.

१३. एकाच दिवशी धावणे आणि स्वयंसेवा, दोन्ही जमते का?

काही कामांबाबत जमते. आधी पोहोचून खुणेच्या पाट्या लावणे, नवख्यांना माहिती देणे, धावून झाल्यावर पाट्या गोळा करणे किंवा स्कॅनिंगला उभे राहणे ही कामे धावणाऱ्याला करता येतात. टेल वॉकर आणि पार्कवॉकर यांची तर दोन्ही नोंदी होतात, कारण ते मार्ग पूर्ण करतात आणि कामही करतात. टायमर व मार्शल यांना मात्र जागा सोडता येत नाही. एका दिवशी दोन कामे केली, तरी स्वयंसेवेचा एकच दिवस मोजला जातो.

१४. पन्नास, शंभर असे टप्पे असतात ना? टी-शर्ट फुकट मिळतो का?

पूर्वी काही टप्प्यांवर मिळत असे. आता टप्पा गाठल्यावर तो टी-शर्ट विकत घेण्याचा हक्क मिळतो. धावण्याचे टप्पे २५, ५०, १००, २५०, ५०० आणि १००० असे आहेत. २५ ला जांभळा, ५० ला लाल, १०० ला काळा आणि २५० ला हिरवा रंग असतो. स्वयंसेवेचे दिवस वेगळे मोजतात आणि त्यांचा पहिला टप्पा १० चा असतो. वर्षात ५२ शनिवार धरले, तरी आजारपण, पाहुणे आणि भारतवारी वजा जाता शंभराला अडीच-तीन वर्षे सहज लागतात.

१५. कुत्रा किंवा बाबागाडी घेऊन धावता येते का?

बहुतेक ठिकाणी येते, पण अरुंद मार्ग असलेल्या काही ठिकाणी मनाई असते, म्हणून आधी पाहून जावे. एका माणसासोबत एकच कुत्रा किंवा एकच बाबागाडी चालते. कुत्र्याचा पट्टा आखूड आणि हातात धरलेला असावा, कमरेला बांधलेला चालत नाही. ज्युनियर पार्करनला कुत्रा सहभागी होऊ शकत नाही.

१६. आमच्या बागेतला सर्वांत वेगवान विक्रम कोणाचा, हे सापडत नाही. कोठे पाहावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करनने मार्गाचे विक्रम आणि तशा इतर याद्या काढून टाकल्या. या आकड्यांमुळे नवखे आणि हळू जाणारे बिचकतात, असे त्यामागचे कारण दिले गेले. त्यावर बराच वाद झाला. माझे मत विचाराल, तर प्रश्न ४ पुन्हा वाचावा. स्वतःच्या वेळा पूर्वीप्रमाणेच दिसतात.

१७. मित्र आजारी आहे. त्याची साखळी तुटू नये म्हणून त्याचा बारकोड घेऊन धावलो तर?

कधीही करू नये. निकाल खोटा होतो, हा त्यातला लहान भाग आहे. तुम्ही मार्गावर बेशुद्ध पडलात आणि तुमच्याजवळचा बारकोड पाहिला गेला, तर फोन तुमच्या मित्राच्या पत्नीला जाईल, तुमच्या नव्हे. हाच नियम नवरा-बायकोंना लागू आहे. स्वयंपाकघरातल्या चुंबकाखाली दोघांचे बारकोड एकत्र ठेवल्याने अदलाबदल होते, म्हणून मागे नावे लिहून ठेवावीत.

१८. मला मधुमेह आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागते का?

चिठ्ठी कोणी मागत नाही, मात्र डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. इंग्लंडमध्ये डॉक्टर स्वतःच पार्करन सुचवण्याची शक्यता आहे, कारण २०१८ पासून रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सच्या सहकार्याने अनेक दवाखाने जवळच्या पार्करनशी जोडले गेले आहेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखरेची गोळी खिशात ठेवावी आणि आपल्या आजाराची नोंद बारकोडच्या कागदावर लिहून ठेवावी. चतुर्थीचा उपवास शनिवारी आला, तर त्या दिवशी मार्शल व्हावे.

१९. पुढच्या महिन्यात कायमचा पुण्याला परत जात आहे. माझ्या ८७ शनिवारांचे काय होईल?

ते तुमच्या खात्यात तसेच राहतात आणि बारकोडची मुदत संपत नाही. भारतात पार्करन नाही, त्यामुळे तळजाईवर किंवा विद्यापीठाच्या आवारात घातलेल्या फेऱ्या कितीही नियमित असल्या, तरी त्यांत धरल्या जाणार नाहीत. कामानिमित्त किंवा सुट्टीत सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अथवा जपान येथे जाणे झाले, तर तेथे अठ्ठ्याऐंशीवा शनिवार होऊ शकतो. तेथे सुरुवातीच्या वेळा इंग्लंडपेक्षा लवकरच्या असू शकतात. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कमध्ये साडेसात वाजता सुरुवात होते आणि क्वीन्सलँडमध्ये सात वाजताच. आधी रात्री उशिरा विमान उतरणार असेल, तर छापलेला बारकोड हातातल्या पिशवीत ठेवावा, सामानात टाकू नये.